परिच्छेदाचे तात्पर्य आणि परिच्छेदाचे शीर्षक : इंग्रजी वाचन-परीक्षेतील जोडी-प्रश्नाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

'जोड्या लावा' हा प्रश्न मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. 'अ' गटात ग्रंथ, 'ब' गटात ग्रंथकार. 'अ' गटात नद्या, 'ब' गटात त्यांच्या काठची शहरे. दोहोंना सांधणारी रेघ ओढली की गुण मिळतात. इतक्या साध्या प्रश्नप्रकाराला स्वतःचा इतिहास असेल आणि तो तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येत असेल, असे सहसा वाटत नाही. परंतु इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय वाचन-परीक्षांत, विशेषतः आयईएलटीएस या परीक्षेत, या प्रश्नाचे रूप पालटलेले दिसते. तेथे एका बाजूस परिच्छेद असतात व दुसऱ्या बाजूस शीर्षके. कोणत्या परिच्छेदाला कोणते शीर्षक लागू पडते हे ठरवायचे असते, आणि शीर्षके परिच्छेदांपेक्षा मुद्दाम जास्त दिलेली असतात. ग्रंथ व ग्रंथकार यांची जोडी आधीच ठाऊक असावी लागते. परिच्छेद व शीर्षक यांची जोडी वाचनातून ठरवावी लागते. पहिला प्रश्न स्मरणाचा आहे, दुसरा तात्पर्यनिर्णयाचा.

'तात्पर्यनिर्णय' हा शब्द येथे हेतुतः योजिला आहे. प्रस्तुत लेखात दोन गोष्टी दाखविण्याचा प्रयत्न आहे. पहिली अशी की, सुटे शब्द जुळवून अर्थ लावणारे वाचन सदोष असते हे निदान वाचन-परीक्षांच्या आरंभकाळीच झालेले असताना, जोडी-प्रश्नाची तयारी मात्र पुष्कळदा त्याच वाचनाच्या आधारे करून घेतली जाते. दुसरी अशी की, या प्रश्नाला जी वाचनशिस्त अपेक्षित आहे तिचे सूक्ष्म विवेचन मीमांसा व वेदान्त यांच्या परंपरेत झालेले असून लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'मुळे ते मराठी गद्यातही उपलब्ध आहे. या दोन परंपरांत प्रभावाचा संबंध आहे असा दावा येथे नाही. तुलना आहे ती रचनेची.

२. पीण्यातील वाचक

या प्रश्नाचा विचार करताना वाचक कोण, हे नजरेआड होऊ देता येत नाही. बंगळूरच्या वायव्येस तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र हे लहान व मध्यम कारखान्यांचे मोठे आगर आहे. भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली येथल्याच साध्या औद्योगिक शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. उपग्रहांचा मागोवा घेणारे इस्रोचे 'इस्ट्रॅक' केंद्रही पीण्यातच आहे. मात्र या क्षेत्राचे नित्याचे जीवन लेथ, मिलिंग, ओतकाम, विजेची उपकरणे, तयार कपडे यांचे आहे. तेथील कामगार व अभियंत्यांत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी भाषकांबरोबर बेळगाव-निपाणीकडून आलेले मराठी भाषकही भेटतात.

या वाचकाचे कामावरचे वाचन बहुतांशी इंग्रजीत असते आणि ते जोड्या लावण्याचेच असते. ड्रॉइंगवरचा क्रमांक व यादीतला सुटा भाग यांची जोडी, यंत्राच्या पुस्तिकेतील 'बिघाड, कारण, उपाय' या तीन रकान्यांची जोडी, तपासणीच्या कागदावरचे माप व प्रत्यक्ष जॉबचे माप यांची जोडी तो रोज लावतो. येथे एक शब्द किंवा एक आकडा जुळणे निर्णायक असते. भागाचा क्रमांक 'साधारण तोच' असून चालत नाही. हा वाचक परदेशातील नोकरीसाठी किंवा स्थलांतरासाठी आयईएलटीएसच्या 'जनरल ट्रेनिंग' प्रकाराला बसतो तेव्हा त्यातील कामकाजविषयक उतारे त्याला ओळखीचे वाटतात. पुढच्या दीर्घ उताऱ्याला शीर्षके जुळविण्याचा प्रश्न आला की मात्र कारखान्यात उपयोगी पडलेली सवय त्याच्या विरुद्ध जाते. परिच्छेदातला शब्द शीर्षकात दिसला की तो जोडी लावतो, आणि ती चुकते. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न, प्रत्येकास एक गुण, अशा परीक्षेत पाच-सहा जोड्या चुकल्या तर बँड खाली येतो आणि अर्ज तेथेच अडतो. त्याला इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष त्यातून निघतो. वस्तुतः तो एका प्रकारच्या वाचनात निष्णात असतो आणि दुसऱ्या प्रकाराची ओळख त्याला कोणी करून दिलेली नसते.

३. निबंधोत्तराकडून वस्तुनिष्ठ प्रश्नाकडे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ची. न्या. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. बेळगाव, धारवाड हे जिल्हे १९५६पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे तेथील मराठी विद्यार्थ्यांची इंग्रजीची घडणही दीर्घकाळ याच परंपरेत झाली. या परंपरेत इंग्रजी वाचनाची परीक्षा भाषांतर, स्पष्टीकरण आणि अर्थविस्तार यांतून होई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांच्यासाठी इंग्रजी वाक्याचा अर्थ म्हणजे त्याचे मराठी प्रतिवाक्य होते. या पद्धतीत जोडी होती, पण ती दोन भाषांतील वाक्यांची. संपूर्ण परिच्छेदाचा आशय एका ओळीत पकडण्याचा सराव सारांशलेखनात होई आणि 'उताऱ्यास योग्य शीर्षक द्या' हा त्यातील शेवटचा, अल्प गुणांचा भाग असे. शीर्षक विद्यार्थ्याने स्वतः घडवायचे असे, आणि ते कितपत योग्य हे परीक्षकाच्या मर्जीवर राही.

परीक्षकाची ही मर्जीच विसाव्या शतकाच्या आरंभी संशयाच्या भोवऱ्यात सापडली. अमेरिकेत डॅनिएल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या आणि गुणांत विलक्षण तफावत आढळली. त्यानंतर लवकरच फ्रेडरिक केली यांची कॅन्ससमधील मूकवाचनाची चाचणी आली. त्यातील काही प्रश्नांत उत्तर लिहायचे नसून निवडायचे होते. १९१७ साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी परिच्छेदवाचनातील मुलांच्या चुकांचे विश्लेषण करून वाचन ही तर्कक्रियाच आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्या विश्लेषणातील एक निरीक्षण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वाचक चुकतो तो पुष्कळदा शब्द न कळल्यामुळे नव्हे. परिच्छेदातील एखादा शब्द त्याच्या मनात प्रमाणाबाहेर प्रबळ होतो, दुसरा प्रमाणाबाहेर दुर्बळ राहतो आणि त्यामुळे घटकांचे परस्परसंबंध बिघडतात. पीण्यातील आपल्या वाचकाची चूक याहून वेगळी नाही.

भारतात या विचाराचे पडसाद उमटले ते परीक्षा-सुधारणेच्या चर्चेत. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टॉग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेणारा अभ्यास इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षा-सुधारणेला अग्रक्रम दिला, मुदलियार आयोगाने (१९५२-५३) वस्तुनिष्ठ प्रश्नांची शिफारस केली आणि या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचे मार्गदर्शन येथील परीक्षा-सुधारकांना लाभले. 'जोड्या लावा' हा प्रश्न शालेय प्रश्नपत्रिकेत रुळला त्यामागे हे वातावरण आहे. परंतु तो रुळला तो माहितीच्या पडताळ्यासाठी. तात्पर्यनिर्णयाचे साधन म्हणून त्याचा उपयोग मराठी माध्यमाच्या वर्गात क्वचितच झाला.

४. बंगळूरचा प्रयोग आणि आयईएलटीएस

बंगळूर शहराला या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. दक्षिण भारतासाठीची प्रादेशिक इंग्रजी संस्था येथे १९६३ साली स्थापन झाली. या संस्थेशी निगडित असलेला एन. एस. प्रभू यांचा 'बंगळूर प्रकल्प' १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांतून राबविला गेला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून विद्यार्थ्यांपुढे वेळापत्रके, नकाशे, नियम असे मजकूर ठेवायचे आणि त्यांवर विचार करून सोडविण्याजोगी कोडी द्यायची, अशी त्याची दिशा होती. हाती असलेल्या माहितीवरून नवी माहिती अनुमानाने काढणे, याला प्रभूंनी विशेष महत्त्व दिले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे हा प्रयोग जगभर चर्चिला गेला. या वर्गात चुकीचे उत्तर हे पुढील संभाषणाचे निमित्त ठरू शकत होते.

याच काळात, १९८० साली, ब्रिटिश कौन्सिल व केंब्रिजचे परीक्षामंडळ यांनी ईएलटीएस ही परीक्षा सुरू केली. तीत वैद्यक, तंत्रविज्ञान, समाजशास्त्र अशा क्षेत्रांनुसार वेगळे विभाग होते. १९८९ साली ऑस्ट्रेलियन सहभागासह तिची आयईएलटीएस झाली, क्षेत्रनिहाय विभाग कमी करण्यात आले आणि १९९५च्या फेररचनेत सर्व विद्याशाखांसाठी एकच 'अकॅडेमिक' वाचन-विभाग राहिला. याचा परिणाम लक्षणीय आहे. उतारे सर्वसामान्य रुचीचे झाले; वाचकाच्या व्यावसायिक ज्ञानाचा आधार गेला; आणि प्रश्नप्रकाराची ओळख हीच मोठी पुंजी ठरू लागली. जोडी-प्रश्नाचे चार प्रकार आज त्यात आढळतात : परिच्छेदाला शीर्षक जुळविणे, दिलेली माहिती कोणत्या परिच्छेदात आहे ते सांगणे, मते व व्यक्ती किंवा गुण व वस्तू यांची सांगड घालणे आणि अर्धे वाक्य योग्य उत्तरार्धाने पूर्ण करणे. प्रभूंच्या वर्गातील कोड्याशी या प्रश्नांचे नाते उघड आहे. फरक एवढाच, आणि तो मूलभूत आहे, की येथे संभाषण नाही. कागदावर किंवा पडद्यावर नोंदविलेले एक अक्षर हेच अंतिम.

५. परिच्छेद नावाचा संकेत

शीर्षक जुळविण्याच्या प्रश्नामागे एक गृहीत आहे : प्रत्येक परिच्छेदाला एक, आणि एकच, सांगता येण्याजोगा विषय असतो. हे गृहीत निसर्गदत्त नाही. अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी रचनाशास्त्राच्या पुस्तकात परिच्छेदाच्या एकसूत्रतेचे नियम मांडले आणि आरंभीचे वाक्य विषयसूचक असावे असा दंडक घातला. पुढे तो शालेय इंग्रजी लेखनाचा पाया झाला. 'प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचा' हा आजच्या शिकवणीवर्गांतला उपदेश म्हणजे बेनच्या दंडकाचीच उतरलेली आवृत्ती होय.

मराठीत भागाला नाव देण्याची प्रथा छापील परिच्छेदाहून जुनी आहे. 'दासबोधा'ची वीस दशके व प्रत्येकी दहा समास ही रचना पाहावी. प्रत्येक समासाला नाव आहे, आणि त्या नावांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. 'मूर्खलक्षण', 'पढतमूर्खलक्षण' यांसारख्या समासांत नाव हे एका यादीचे छत्र असते. कोणतीही ओवी उचलली तरी नावाशी तिचा संबंध लगेच ध्यानात येतो. निरूपणाच्या समासांत मात्र शंका, उत्तर, दृष्टान्त, पुन्हा शंका असा प्रवास असतो आणि नावाचा उलगडा समास संपेपर्यंत पूर्ण होत नाही. अर्वाचीन गद्यातही, १८७४ साली सुरू झालेल्या चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तील प्रदीर्घ परिच्छेद उदाहरणादाखल घेतले तर, प्रतिपक्षाचे म्हणणे सविस्तर मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत दिसते. अशा गद्यावर पोसलेला वाचक पहिल्या वाक्याला विषय मानीत नाही. त्याची ही सवय इंग्रजी परीक्षेत दोष नसून गुण ठरू शकते, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

६. षड्लिंगे आणि शीर्षकाची निवड

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात टिळकांपुढे प्रश्न होता तो असा : एकाच ग्रंथाचे निरनिराळे भाष्यकार निरनिराळे तात्पर्य काढतात, तर खरे कोणते? उत्तरासाठी त्यांनी मीमांसकांच्या तात्पर्यनिर्णयाच्या कसोट्या पुढे ठेवल्या : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त याच कसोट्या छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाला लावून दाखविल्या आहेत. 'गीतारहस्य' व थॉर्नडाइक यांचा निबंध यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. एकाला धर्मग्रंथाचा अर्थ ठरवायचा होता, दुसऱ्याला शाळकरी मुलांच्या चुका समजून घ्यायच्या होत्या. मजकुरातील कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न मात्र दोघांचाही होता.

या कसोट्या परीक्षेतील परिच्छेदाला लावून पाहू. असा एक परिच्छेद कल्पू या : "धातू कापताना कूलंटचा मुबलक वापर हे चांगल्या कारखान्याचे लक्षण मानले जाई. त्यामुळे हत्यार थंड राहते, त्याची धार टिकते आणि जॉबचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पुढे वापरलेल्या कूलंटची विल्हेवाट लावण्याचा खर्च हिशेबात धरला जाऊ लागला. काही ठिकाणी तो हत्यारांच्या खर्चाच्या तोडीचा निघाला. तेव्हापासून जितके आवश्यक तितकेच कूलंट, हा नियम होऊ लागला." दिलेली शीर्षके तीन : 'कूलंटचे फायदे', 'वापरलेल्या कूलंटची विल्हेवाट कशी लावावी', 'एका रूढ समजुतीचा फेरविचार'.

शब्द जुळविणारा वाचक पहिल्या दोहोंपैकी एक निवडील, कारण 'कूलंट' हा शब्द त्यांत आहे. तिसऱ्यात परिच्छेदातला ठळक असा एकही शब्द नाही. आता कसोट्या लावाव्यात. उपक्रम जुन्या समजुतीचा आहे, उपसंहार नव्या नियमाचा. दोहोंना एकत्र सामावून घेणारे शीर्षक तिसरेच. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. येथे 'कूलंट' या शब्दाची पुनरुक्ती आहे, पण ती सबंध उताऱ्यातच असणार, म्हणून ती निर्णायक नाही. शब्दाची नव्हे, आशयाची पुनरुक्ती पाहावी लागते. 'मानले जाई', 'हिशेबात धरला जाऊ लागला', 'नियम होऊ लागला' या तीन प्रयोगांत मत बदलल्याचे सूचन तीनदा झाले आहे. अपूर्वता म्हणजे अन्यत्र न सांगितलेली गोष्ट. या परिच्छेदात असे काय आहे जे शेजारच्या परिच्छेदांत नाही, असा प्रश्न विचारला की जवळजवळची दोन शीर्षके वेगळी होतात. फल म्हणजे परिच्छेद वाचकाला ज्या निष्कर्षावर नेऊन सोडतो तो. उपपत्ती म्हणजे त्या निष्कर्षाला दिलेला युक्तिवाद; येथे खर्चाचा.

राहिला अर्थवाद. स्तुती, निंदा, दृष्टान्त, प्रसंगाने आलेला तपशील हे सारे अर्थवादात येते. तो मुख्य विषयाला पुष्टी देतो, पण स्वतः मुख्य विषय नसतो. वरील परिच्छेदातील हत्याराची धार व गुळगुळीत पृष्ठभाग हा अर्थवाद आहे, आणि 'कूलंटचे फायदे' हे चकवा देणारे शीर्षक नेमके त्यातून तयार झाले आहे. उपपत्तीतून दुसरे चकवा देणारे शीर्षक तयार झाले. परिच्छेदात विल्हेवाटीचा खर्च आहे, तिची रीत नाही. पण शब्द तोच असल्याने फसगत होते. चकवा देणारी शीर्षके कशी घडतात हे यावरून कळते : परिच्छेदाचा एक अंश घेऊन त्याला पूर्णाचा मान द्यायचा. परीक्षार्थीने प्रत्येक शीर्षकाला 'हे परिच्छेदाचे तात्पर्य की त्यातील अर्थवाद?' एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

अर्धे वाक्य पूर्ण करण्याच्या प्रकारासही भारतीय शब्दबोधाची परिभाषा उपकारक आहे. वाक्याच्या पूर्वार्धाला कोणत्या रूपाची अपेक्षा आहे ही आकांक्षा. अर्थाच्या दृष्टीने कोणता उत्तरार्ध संभवतो ही योग्यता. या दोन कसोट्यांवर काही पर्याय गळतात, पण राहिलेल्यांतून निवड करताना उताऱ्याकडेच परतावे लागते. व्याकरणाने व लौकिक ज्ञानाने जुळणारे वाक्य लेखकाने लिहिलेले असेलच असे नाही. मते व व्यक्ती यांच्या जोड्यांत पूर्वपक्ष कोणाचा व सिद्धान्त कोणाचा हा विवेक लागतो. एखाद्या संशोधकाने उद्धृत करून खोडून काढलेले मत त्याच्याच नावावर टाकणे ही तेथील नेहमीची चूक आहे.

७. मर्यादा

या कसोट्यांनी जोडी-प्रश्न सुकर होतो, म्हणून तो निर्दोष ठरतो असे नाही. जे. चार्ल्स आल्डरसन यांनी वाचन-मूल्यमापनावरील आपल्या ग्रंथात (२०००) दाखविल्याप्रमाणे, या प्रश्नात एका जोडीचे उत्तर पुढच्या जोड्यांचे पर्याय कमी करते. म्हणूनच जास्तीची शीर्षके द्यावी लागतात. एक जोडी चुकली तर तिने अडविलेले शीर्षक दुसरीही चुकविते, हेही उघड आहे. आल्डरसन व यास्मीन लुकमानी यांनी १९८९ साली मुंबई विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या वाचन-चाचणीसंबंधी जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो याहून मूलगामी आहे. कोणता प्रश्न वाचनाच्या कोणत्या पातळीची परीक्षा घेतो, यावर अनुभवी शिक्षकांचेच एकमत होत नव्हते. गुणांतील तफावत घालविण्यासाठी वस्तुनिष्ठ प्रश्न आला. आता प्रश्न नेमके काय मोजतो याविषयीच तफावत पडली.

टिळकांची भूमिकाही येथे सावध करणारी आहे. सहा कसोट्या पूर्वीच्या टीकाकारांनाही ठाऊक होत्या, तरी त्यांची तात्पर्ये भिन्न निघाली, कारण आपल्या संप्रदायाचा अर्थ त्यांना आधीच मान्य होता. कसोटी यांत्रिक नसते. ती लावणाऱ्याचा विवेक तिच्यात सामील असतो. परीक्षा-मंडळ एक शीर्षक बरोबर ठरविते तेव्हा तेही एक तात्पर्य ठरवीत असते, आणि त्यामागे बेनपासून चालत आलेला परिच्छेदाचा संकेत उभा असतो. परीक्षार्थीला हा संकेत सांगितला गेला पाहिजे, आणि तो संकेत आहे, नियम नव्हे, हेही सांगितले गेले पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर, सारांशलेखनातील 'शीर्षक द्या' हा उपेक्षित भाग व इंग्रजी परीक्षेतील शीर्षके जुळविण्याचा प्रश्न यांची सांगड अध्यापनात घालणे शक्य आहे. सरावाच्या वेळी इंग्रजी परिच्छेद वाचून दिलेली शीर्षके झाकून ठेवावीत, स्वतःचे शीर्षक मराठीत लिहावे आणि मगच दिलेल्या यादीशी ते ताडून पाहावे. मराठी शीर्षकात परिच्छेदातले इंग्रजी शब्द जसेच्या तसे येऊ शकत नाहीत. त्यामुळे शब्दसादृश्याचा मोह आपोआप दूर राहतो आणि आशयाशी गाठ पडते. भाषांतर पाठमालेने वाक्यापुरती लावलेली सवय अशा रीतीने परिच्छेदापर्यंत नेता येईल. पीण्यातील शिफ्ट संपवून अभ्यासाला बसणाऱ्या वाचकाला दोन भाषा येतात, ही त्याची अडचण नसून सोय आहे. ती सोय वापरायला शिकविण्याचे काम भाषेच्या अध्यापकांचे आहे.